आपली पलटण

माणसाच्या मनातील प्रेमांची कोणी यादी करू लागला, तर खेळाच्या संघावरील प्रेम कोणत्या सदरात घालावे, असा त्याला प्रश्न पडेल. ते रक्ताच्या नात्याचे नव्हे. संघातील एकाही गड्याला आपले नाव ठाऊक नसते. ते व्यवहाराचेही नव्हे. संघ जिंकला तर आपल्या पदरी छदाम पडत नाही, आणि हरला तर त्या रात्री घास गोड लागत नाही, एवढाच त्याचा जमाखर्च. गावाच्या अभिमानात ते बसवावे म्हटले, तर आजच्या व्यावसायिक संघात गावचा गडी शोधूनही सापडत नाही. लिलावात बोली लागते, गडी येतो, हंगाम संपतो आणि गडी जातो. मागे उरतो आपण प्रेक्षक. पुढच्या हंगामाची वाट पाहणारे, आणि कोण आपले व आपण कोणाचे, हे कोडे उलगडण्याच्या नादी लागलेले.

माझ्यापुढे हे कोडे पुणेरी पलटण या कबड्डी संघाच्या रूपाने उभे राहिले. मी नांदेडचा. उभा जन्म विद्यार्थ्यांना इतिहास शिकविण्यात गेला आणि आता निवृत्तीचे दिवस वर्तमानपत्रे व सामने पाहण्यात चालले आहेत. प्रो कबड्डी स्पर्धा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा तीत महाराष्ट्राचे दोन संघ होते, एक मुंबईचा आणि एक पुण्याचा. मराठवाड्याचा संघ तेव्हाही नव्हता आणि अद्यापही नाही. तेव्हा या दोहोंतून एक निवडणे प्राप्त होते. मी पुण्याचा निवडला. कारण विचाराल तर एवढेच, की मुंबईचा संघ जिंकत होता आणि पुण्याचा हरत होता. पहिल्या दोन्ही हंगामांत पलटण गुणतक्त्याच्या तळाशी राहिली. तळाशी राहणाऱ्याविषयी आम्हा मराठवाड्याच्या लोकांना उपजतच थोडी माया असते. पुढे २०१६ सालच्या दोन्ही हंगामांत पलटणीने तिसरा क्रमांक मिळविला. पण करंडक म्हणावा तो काही हाती लागला नाही.

माझ्या या निष्ठेला घरातूनच एक कडवे विरोधक लाभले आहेत. ते म्हणजे माझे मेहुणे. लातुरास त्यांची वकिली आहे, आणि न्यायालयात जे युक्तिवाद करावयाचे राहून जातात, ते सारे ते माझ्यासाठी राखून ठेवतात. तरुणपणी ते मातीवर कबड्डी खेळले आहेत. त्यांच्या डाव्या गुडघ्यावर त्या दिवसांची एक खूण आहे, आणि घरी कोणी नवा पाहुणा आला की ती खूण दाखविल्यावाचून त्याला चहा मिळत नाही. "दाजी," ते मला विचारीत, "पुण्याचा संघ तुमचा कसा? पुणेकर तुम्हाला आपले म्हणतात का?" आणि मग एकदा सुरुवात झाली, की मॅटवर बूट घालून खेळतात ती काय कबड्डी, तीस सेकंदांच्या घड्याळाने मोजतात तो काय दम, अशी त्यांची फेर झडे. त्यांच्या वडिलांच्या पिढीत या खेळाला हुतुतू म्हणत. त्या जुन्या नावातच खेळाचा जीव होता आणि तो नावाबरोबर गेला, हे त्यांचे शेवटचे कलम.

त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे नव्हे. या खेळाला नियमांच्या चौकटीत बसविण्याचे पुष्कळसे काम महाराष्ट्रात झाले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी देशी खेळांबरोबर कबड्डीही जगाला दाखविली. शंकरराव साळवी यांनी तर सारे आयुष्य या खेळाला वाहिले, आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. मातीचा अभिमान बाळगण्यासही लातूरकरांना आधार आहे. १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळविणारे हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्याचे. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी कितीतरी मल्ल घडविले. अर्जुन पुरस्काराचे मानकरी काका पवार हेही लातूरचेच, आणि त्यांची तालीमही पुण्यातच. वकीलसाहेब ही नावे पुराव्यादाखल पुढे करीत. "आमचे मल्ल पुण्याने घेतले, आमची पोरे पुण्याने घेतली, आता तुमच्या टाळ्यासुद्धा पुण्यालाच द्या!" मी तीच नावे उलट बाजूने वाचीत असे. ज्या पुण्याच्या आखाड्यात लातूरची माती मिसळली आहे, ते पुणे सर्वस्वी परके कसे?

हा वाद निव्वळ खेळाचा असता, तर मी तो चहाबरोबर संपविला असता. परंतु "आमची पोरे" हे त्यांचे शब्द आमच्या घरात मोघम नव्हते. आमचा एकुलता मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास गेला, तेथेच त्याने घर केले, त्याची मुले तेथल्याच शाळेत जाऊ लागली. २०२३ च्या दिवाळीत तो आला, तेव्हा फराळाचे ताट पुढे असताना त्याने गोष्ट काढली. वजिराबादेतील हे घर आता तुम्हा दोघांना झेपत नाही. ते विकून टाकावे, आणि तुम्ही आमच्याकडे पुण्यास यावे. त्याच्या बोलण्यात काळजी होती, हिशेब होता, आणि दोन्ही बरोबर होते. मला अडले ते फक्त "आमच्याकडे" या शब्दापाशी. तोवर त्याच्या तोंडी "आमच्याकडे" म्हणजे नांदेड असे. हा शब्द केव्हा साडेचारशे किलोमीटर पश्चिमेस सरकला, हे मला कळलेही नव्हते.

ते घर माझ्या वडिलांनी बांधलेले. वडिलांचे शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दू माध्यमातून झाले. त्यांच्या लेखी जगातील थोर शहर एकच, आणि ते हैदराबाद. उच्च शिक्षण तेथे, मोठे दवाखाने तेथे, लग्नाची चांगली खरेदीही तेथेच. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. नकाशे बदलले, परंतु वडिलांच्या मनातील रस्ते मरेपर्यंत दक्षिणेकडेच जात होते. माझ्या मुलाचे रस्ते पश्चिमेकडे जातात. मधल्या पिढीचा मी, या दोन रस्त्यांच्या चौकात खुर्ची टाकून बसलो आहे.

घराविषयी आम्ही बापलेक त्यानंतर बोललो नाही. तो विषय दोघांनाही नाजूक झाला. पण रोज रात्री दूरध्वनी तर यायचा. तेव्हा काहीतरी बोलणे भाग होते. २ डिसेंबरला कबड्डीचा दहावा हंगाम सुरू झाला आणि आमची ती अडचण दूर झाली.

त्या हंगामाच्या मागे एक दुखणे होते. आदल्या वर्षी, १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत, पलटण प्रथमच अंतिम सामन्यात पोचली आणि जयपूरकडून ३३–२९ अशी हरली. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे आपले दोन मोहरे दुखापतीमुळे त्या दिवशी खेळू शकले नव्हते. संघाचा कर्णधार होता इराणचा फझल अत्राचली. नव्या हंगामापूर्वी तोही संघातून गेला आणि गुजरातचा झाला. त्याच्या जागी जो आला त्याची कथा मला इतिहासाच्या अध्यापकास शोभेल इतकी आवडते.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझौ येथे आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. २८–२८ अशी बरोबरी असताना एका चढाईवरून वाद पेटला. गडी मैदानावर बसून राहिले, निर्णय उलटसुलट फिरले, आणि बराच वेळ खेळ थांबला. अखेर भारत ३३–२९ असा जिंकला. भारताच्या संघात आपले अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते. समोर इराणच्या बचावात महंमदरझा शादलूई नावाचा धिप्पाड तरुण होता. पकड साधली की मांडी थोपटून गर्जना करणारा तो गडी पाहून माझ्या पत्नीने त्याला त्या दिवशी दोन-चार शेलके शब्द दिले. पुढच्या दोन-तीन दिवसांतच मुंबईत लिलाव झाला आणि पुणेरी पलटणीने त्याच शादलूईला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. शनिवारचा शत्रू आठवडा उलटण्याच्या आत आपला झाला. मी ही वार्ता घरात सांगितली, तेव्हा पत्नी थोडा वेळ विचारात पडली आणि म्हणाली, "तसा तो अंगापिंडाने चांगला आहे."

संघाचे नेतृत्व अस्लमकडे आले. हा अहमदनगर जिल्ह्यातला. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. मार्गदर्शक बी. सी. रमेश कर्नाटकाचे, २०१९ साली बंगालच्या संघाला त्यांनीच विजेतेपद मिळवून दिले होते. चढाईला मोहित गोयत हरियाणाचा, पंकज मोहिते आणि आकाश शिंदे महाराष्ट्राचे. बचावात अबिनेश नादराजन तामिळनाडूचा, संकेत सावंत मराठी, आणि कोपऱ्यात इराणचा शादलूई. पलटण म्हणजे शिपायांची तुकडी. जुन्या काळीही पलटणीत शिपाई कोठकोठले असत. निशाण मात्र एक असे.

या संघाचा खेळ पाहताना मला एक गोष्ट विशेष जाणवली. कबड्डीत चढाई करणारा गडी एकटा असतो आणि टाळ्या बहुधा त्यालाच पडतात. परंतु या पलटणीचे वैभव तिच्या बचावात होते. सात गडी हात गुंफून उभे. चढाईवाला डावीकडे झुकला की सारी साखळी तिकडे लवे, आणि त्याने निदानरेषा ओलांडून पाय पुढे टाकला, की कोपऱ्यातून कोणी घोट्याला हात घाली, दुसरा कंबर धरी, तिसरा मध्यरेषेची वाट अडवी. पकड कोणाच्या नावावर लिहावयाची, हा प्रश्न पंचांना पडावा इतकी ती सर्वांची असे. या साखळीत भाषा किती असतील त्याची गणती करावी. मराठी, हरियाणवी, तमिळ, फारसी. पण कोणी कोणाला "तू कुठला?" असे विचारण्यास थांबत नव्हता, थांबला असता तर चढाईवाला घरी पोचला असता.

पहिला सामना जयपूरशीच होता, आणि तो पलटणीने ३७–३३ असा जिंकला. आदल्या वर्षाच्या चार गुणांची परतफेड बरोबर चार गुणांनी झाली. मग हा तांडा शहरामागून शहरे करीत अहमदाबादेहून बंगळूर, पुणे, चेन्नई, मुंबई असा फिरत राहिला. रात्री सामना संपला की पुण्याहून दूरध्वनी येई. "बाबा, पाहिलंत?" मुलाचा तोच स्वर, जो शाळेत असताना पतंग कापल्यावर असे. आम्ही पकडींविषयी बोलू, पंचांविषयी बोलू, आणि घराविषयी मुळीच बोलत नसू. तरी हळूहळू दोघांचाही आवाज सैल होत गेला. साखळी फेरी संपली तेव्हा २२ सामन्यांत १७ विजय, ३ बरोबऱ्या आणि अवघे २ पराभव, असे ९६ गुण मिळवून पलटण पहिली आली. जयपूर ९२ गुणांवर राहिले. २८ फेब्रुवारीला उपांत्य सामन्यात पाटण्याचा ३७–२१ असा फडशा उडाला. अंतिम सामना १ मार्च २०२४ रोजी, समोर हरियाणा, आणि स्थळ हैदराबाद.

हैदराबाद हा शब्द ऐकताच मी तिकिटे काढली. माझ्या वडिलांच्या राजधानीत माझ्या मुलाच्या शहराचा संघ खेळणार, आणि मी घरी बसावयाचे, हे कसे जमावे? वकीलसाहेब "मी फक्त मॅटचे दोष दाखविण्यास येतो" असे म्हणून लातुराहून आदल्या दिवशी एस.टी.ने हजर झाले. मुलगा पुण्याहून परस्पर येणार होता. आमची गाडी धर्माबाद मागे टाकून बासरजवळ गोदावरीवरून गेली, तेव्हा वकीलसाहेबांनी खिडकीतून नदीत नाणे टाकले. कोणासाठी, ते मी विचारले नाही.

गच्चीबोवलीचे ते बंदिस्त क्रीडागार माणसांनी फुलले होते. सामना मात्र डोळ्यांचे पारणे फेडणारा नव्हता. दोन कसलेले बचाव समोरासमोर आले की गुण थेंबाथेंबाने मिळतात. मध्यंतराच्या सुमारास पंकज मोहितेने एका चढाईत चार गडी टिपले आणि तेथेच पारडे झुकले. मध्यंतराला १३–१० अशी आघाडी होती. हरियाणाकडून शिवम पटारे नावाचा पोरगा धीटपणे चढाया करीत होता. तो कुठला म्हणून मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "आपल्याच नगर जिल्ह्याचा!" वकीलसाहेबांनी ही संधी सोडली नाही. "पहा दाजी, तुमचा इराणी तिकडच्याला पकडतो आणि आमचा मराठी तुमच्यावर चढाई करतो. आता टाळी कोणाला द्यायची, सांगा!" मला उत्तर सुचले नाही. पण पुढच्या चढाईत शिवमने गुण मिळविला, तेव्हा वकीलसाहेबांच्या जोडीने माझेही हात आपोआप वाजले.

आमच्या शेजारी एक वृद्ध हैदराबादी गृहस्थ बसले होते. आमचा आरडाओरडा ऐकून त्यांनी मुलाला विचारले, "आप लोग पूना से आए?" मी कान टवकारले. मुलगा मॅटवरची नजर न काढता म्हणाला, "नहीं चाचा, नांदेड से." त्यावर ते गृहस्थ प्रसन्न हसले. "नांदेड? फिर तो हमारेच हुए ना!" मी वकीलसाहेबांकडे पाहिले; पण ते त्या वेळी गुडघ्यावरची खूण चोळीत बसले होते. माझ्या मनात दिवाळीपासून जे रुतून बसले होते, ते त्या शब्दांनी अलगद निघाले. मुलाला आपण काही विशेष बोललो, असे वाटलेही नसावे. खरी उत्तरे अशीच न विचार करता दिली जातात.

पलटणीने २८–२५ असा सामना जिंकला. करंडक उचलताना अस्लमच्या भोवती त्या साऱ्या भाषा एका गठ्ठ्यात नाचत होत्या. हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू अस्लम ठरला, आणि ९९ गुणांच्या पकडी करून सर्वोत्तम बचावपटू ठरला शादलूई. परतीच्या गाडीत मुलगा आमच्याबरोबर नांदेडला आला, दोन दिवस राहिला. वडिलांच्या कपाटातील उर्दू पुस्तके त्याने काढून पाहिली, एकही अक्षर वाचता आले नाही, आणि पुसून पुन्हा जागच्या जागी लावली. घराची गोष्ट त्याने काढली नाही, मीही काढली नाही.

गोष्ट येथे संपविली तर ती फार गोड होईल. आणि संघाच्या प्रेमाला इतका गोडवा सोसत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा लिलाव झाला आणि शादलूई हरियाणाचा झाला. २०२४ च्या हंगामात पलटण बाद फेरीही गाठू शकली नाही, आणि २९ डिसेंबरला पुण्याच्याच बालेवाडीत हरियाणाने पाटण्यास ३२–२३ असे हरवून विजेतेपद घेतले. शादलूईने सलग दुसऱ्या वर्षी करंडक उचलला. पण अंगरखा दुसऱ्याचा होता. वकीलसाहेबांचा दूरध्वनी तत्काळ आला, आणि "दाजी, गेला की हो तुमचा पाहुणा!" म्हणून त्यांनी माझे सांत्वन केले. पुढे २०२५ साली पलटण पुन्हा अंतिम सामन्यात पोचली. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दिल्लीच्या संघाकडून ती ३१–२८ अशी हरली. आणि दिल्लीच्या बाजूने शेवटच्या क्षणी आदित्य शिंदेची पकड करणारा गडी कोण असावा? तोच फझल, २०२२ साली ज्याच्या पराभवाने आम्ही जेवलो नव्हतो!

त्या रात्री पुण्याहून दूरध्वनी आला. थोडा वेळ दोघेही काही बोललो नाही. मग मुलगा म्हणाला, "बाबा, फझलने पकड मात्र सुंदर केली." मी म्हणालो, "आपल्याकडे असतानाही अशाच करायचा." "आपल्याकडे" म्हणजे कोठे, हे त्यानेही विचारले नाही.

वजिराबादेतील घर अद्याप आहे. पावसाळ्यात त्याचे माडीवरचे छत गळते, आणि ते दुरुस्त करावे की विकावे, हा प्रश्न दर दिवाळीस आमच्या ताटाशेजारी येऊन बसतो. कदाचित आम्ही पुण्यास जाऊही. गेलो तर शेजारी कोणी विचारील, की तुम्ही मूळचे कुठले. आणि मी सांगेन. वकीलसाहेबांनी तर आताच कळविले आहे, की तुम्ही पुण्यास गेलात तर मी येऊन राहीन, कारण मॅटवरचा तो खेळ एकदा बालेवाडीस जवळून पाहावयाचा आहे. दोष दाखविण्याकरिता, अर्थात.